गणूमामाच्या डोक्यावरचं पाणी

बातमी आली तेव्हा मी छापखान्यात एका पत्रकाचं मुद्रित तपासत होतो. पूर्णगडाकडून मासळी घेऊन येणारा एक ओळखीचा खारवी दारात उभा राहिला. पाटी त्यानं बाहेरच ठेवली होती, म्हणजे मासळी विकायला आलेला नव्हता हे उघड होतं. "मामा गेले तुमचे, पहाटेस," तो म्हणाला. "ताप होता चार दिवस. आईस सांगा." एवढं बोलून तो जाईना. शाईच्या डब्याकडे बघत उभाच राहिला आणि मग म्हणाला, "जमलं तर आत्ताच निघा. खांद्याला माणसं नायत."

खांद्याला माणसं नव्हती, कारण गणूमामाला गावानं वाळीत टाकलेलं होतं. आणि वाळीत टाकलं ते माझ्या पत्रकामुळे. पत्रकं लिहिणाऱ्याला पहिल्या चार ओळींतच आरोप मांडायची सवय असते, म्हणून तो इथेही मांडून ठेवतो. मामा बाटला, मुंबईच्या पाद्र्यांनी त्याला किरिस्ताव केला, असं मी छापलं होतं. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला कळूनही दोन वर्षं होऊन गेली होती. आम्ही तिरडी उचलली तेव्हा खांदेकरी होते तो खारवी, त्याचा भाऊ, पलीकडच्या मोहल्ल्यातला एक तांडेल आणि मी. गाव दगडी गडग्यांआडून पाहत होतं. त्यांतल्या निम्म्या घरांच्या आवारातली कलमं मामाच्या हातची होती.

गणूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. धंदा कलमं बांधण्याचा. ज्यांनी भेटकलम बांधताना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयीपासून वाढवलेलं रोप कुंडीसकट उचलून हापूसच्या फांदीशेजारी न्यायचं. फांदी उंच असते, म्हणून झाडाभोवती बांबूंचा माच उभारायचा आणि कुंड्या त्यावर मांडायच्या. मग रोपाची साल एका अंगानं तासायची, फांदीची साल तेवढीच तासायची, जखमेला जखम लावून केळीच्या सोपटानं आवळून बांधायची. पुढे अडीच-तीन महिने रोज माचावर चढून त्या कुंड्यांना पाणी घालायचं. एक दिवस चुकला तर रोप सुकतं. लहानपणी सुट्टीत मी त्याच्याकडे असायचो. तासलेल्या दोन फांद्या तो माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "दाबू नको रे, नुस्ती धर." मला नुसतं धरणं कधी जमलं नाही. मी दाबायचोच. काम झालं की तो सुरीला खोबरेल लावायचा, हाताला लागेल त्या कागदात गुंडाळायचा आणि कमरेला खोवायचा. मामाला बिनकागदाची सुरी ठेवताना मी कधी पाहिलं नाही.

एका वर्षी गणपती झाल्यावर मुंबईहून त्याला बोलावणं आलं. कॅथलिक पाद्र्यांचं एक मोठं जुनं कॉलेज आहे, त्याच्या चौकात गोव्याहून आणून लावलेलं हापूसचं म्हातारं झाड होतं. नवी इमारत उठणार म्हणून ते तुटणार होतं. तुटण्याआधी त्याची कलमं करून हवी होती आणि क्रॉफर्ड मार्केटातल्या कुणा दलालानं मामाचं नाव सुचवलं होतं. मामा पूर्णगडाहून आगबोटीत बसला आणि गेला. दिवाळी आली तरी परतला नाही, कारण कुंड्या माचावर होत्या. भाऊबीजेला आईनं पाट मांडला आणि तसाच उचलला.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि धर्मांतराविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या मंडळाचा चिटणीस होतो. जिथे पाद्री तिथे फास, हे आमचं पक्कं गणित. ते सगळंच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. दुष्काळात, दुखण्यात, पोरक्या पोरांच्या बाबतीत काय चालतं ते मी पाहिलेलं आहे आणि त्यावर पुन्हा लिहीन. पण मामाच्या बाबतीत मला काही दिसलेलं नव्हतं. फक्त वास आला होता. तीन महिने? कलमं बांधायला? आमच्या रत्नागिरीचा माणूस न्यायचा आणि तोही गोव्याच्या झाडासाठी? मुंबईत माळी मेले होते काय? मी मंडळात उभा राहून म्हणालो, "माझाच मामा आहे, म्हणून मीच जातो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर बोट चुकवता येत नाही.

ते कॉलेज मी पाहिलं ते असं संशयानं भरलेल्या डोळ्यांनी. काळ्या दगडाची उंच इमारत, टोकदार कमानी, वर घड्याळाचा मनोरा, लोखंडी फाटक सताड उघडं. फाटक उघडं का? कुणालाही आत ओढता यावं म्हणून, असं मी वहीत लिहिलं. बंद असतं तर आतलं लपवायला म्हणून बंद, असं लिहिलं असतं, हे आता कळतं. दारावरचा पहारेकरी निघाला गुहागरकडचा, धोंडू नावाचा. माझं बोलणं ऐकताच त्यानं बाकावरचं आपलं मुंडासं उचलून मला जागा दिली. "रत्नांगिरीचे काय? गणूभाऊंचे कोण? भाचे? अरे वा! बसा, पाणी देतो." मी पाणी नको म्हटलं. आगबोटीतून उतरून धक्क्यापासून चालत आलो होतो, घसा कोरडा पडला होता. तरी नको. धोंडूनं माझ्या खादीच्या टोपीकडे पाहिलं, मग तांब्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्युन्शिपाल्टीचा नळ हाय हो. त्याला धरम नाय."

मी विनोद ऐकायला आलो नव्हतो. "मामा कुठे आहेत तेवढं सांगा," मी म्हणालो. तो म्हणाला, "चौकात. झाडावर. वानरासारखे दिवसभर वरच असतात," आणि वाट दाखवली.

लांबच लांब गार ओवरी होती. फरशी इतकी स्वच्छ की चपला काढाव्यात की काय असं वाटलं, आणि तसं वाटलं याचाच राग आला. भिंतीवर मेलेल्या पाद्र्यांच्या तसबिरी. कोनाड्यात मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी झेंडूची फुलं... झेंडू! आपलं फूल! हेही वहीत लिहिलं. एका वर्गात कुणीतरी संस्कृत शिकवत होतं. मी दाराशी कान लावून उभा राहिलो, मधूनच येशूचं नाव येतं का ऐकायला. आलं नाही. ते मी वहीत लिहिलं नाही. पोरं हातात पुस्तकं घेऊन चालली होती, त्यांत पगड्या होत्या, फेज टोप्याही होत्या. एका पोरानं मला वाट चुकलेला समजून हसून विचारलं, "कुणाला शोधता?" माझ्या संशयात गोड बोलण्याइतकी भर कशानंच पडत नसे.

ओवरीच्या शेवटच्या कमानीतून चौक दिसला. मधोमध ते झाड, त्याच्याभोवती मामाचा माच, माचावर कुंड्यांची रांग. आणि झाडाखाली मामा... उघड्या डोक्यानं गुडघ्यांवर बसलेला. दोन्ही हात तोंडाशी जुळलेले. पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा पाद्री डाव्या हातानं त्याची मान धरून उजव्या हातानं त्याच्या डोक्यावर झारीनं पाणी ओतत होता आणि मोठमोठ्यानं आपल्या भाषेत काही म्हणत होता. भोवती पाचसहा पोरं उभी. एक हसत होता.

मी तिथे वीस पावलांवर होतो. वीस पावलं चालून "मामा, काय चाललंय?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? मी विचारलं नाही. जे पाहायला आलो होतो ते मिळालं होतं, आता विचारून ते घालवायचं कशाला? मी मागे फिरलो. फाटकाशी धोंडू म्हणाला, "भेटले काय?" मी धक्क्याची वाट धरली. पाणी प्यालो ते थेट बोटीवर.

'सावध! आपल्या आंब्याच्या मुळाशी कोण पाणी घालतो?' असा मथळा होता. मामाचं नाव घातलं नव्हतं. 'पूर्णगड बाजूचा एक नामांकित कलमवाला' एवढंच लिहिलं होतं आणि त्यावर मला माझा संयम मोठा वाटला होता. त्या बाजूला नामांकित कलमवाला एकच होता.

मामा मार्गशीर्षात परतला तो हातात एक कलम घेऊन. पाद्र्यानं त्याला तुटणाऱ्या झाडाचं एक कलम दिलं होतं. गाव त्याच्या अंगणात जमलं आणि त्याला जाब विचारला. मामानं सांगितलं ते एका वाक्यात. "माचावर चढताना तांबड्या मुंगळ्यांचं घरटं डोक्यावर फुटलं, डोळ्यांत गेले, म्हणून त्या म्हाताऱ्यानं पाणी ओतलान." लोक हसले. इतकं साधं कारण कुणाला पटतं? मग गावकीनं ठरवलं की देवीला कौल लावायचा. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं. उजवं आधी पडलं तर माणूस खरा, डावं पडलं तर खोटा. मामा हात जोडून उभा. उजवं पडलं.

तिथेच हा लेख संपायला हवा होता. गाव मोकळं झालं होतं, नारळ देऊन त्याला परत घेणार होतं. पण मी सुधारक! कौल मानणाऱ्या भोळसट गावाला मी मानणार होतो होय? मी दुसरं पत्रक काढलं. 'मुंगळ्यांची कहाणी'. त्यात विचारलं होतं की फुलं ओली होती की कोरडी हे कुणी पाहिलं? गुरव आणि कलमवाला लहानपणीचे सवंगडी नव्हेत काय? हे पत्रक तालुकाभर गेलं. गावाला भीती बसली, की आता आसपासच्या गावांतून आपल्या मुली कोण करणार, आपल्याला मुली कोण देणार. नारळ राहिला. देवीनं सोडलेल्या माणसाला माझ्या छापील कागदानं धरून ठेवलं.

त्यानंतर त्याला कलमं बांधायला कुणी बोलावलं नाही. पहिला आंबा देवीला जातो ना, मग त्या झाडाला बाटलेला हात कसा लावायचा? स्वतःच्या दहाबारा झाडांवर तो राहिला. आणि आई... माझे वडील शब्दाचे कडक. छापून आलेलं ते खरं मानत, त्यातून ते स्वतःच्या मुलानं छापलेलं. त्यांनी मामाला घराची पायरी बंद केली. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझी आई, पाठचा भाऊ आठ कोसांवर धडधाकट असताना, दरवर्षी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. मी ओटीवर बसून पाहायचो आणि मनात म्हणायचो, तत्त्वासाठी किंमत द्यावी लागतेच. किंमत देत होती ती, हे सोयीस्कर विसरून.

दोन वर्षांपूर्वी मामाचा पाय मुरगळला. कुंड्या माचावर होत्या आणि गावातला एकही माणूस पाणी घालायला येईना. निरोप आईकडे आला. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. आई मला कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. "तू लिहिलंस ना? मग पाणी तू घाल. जा."

मी गेलो. मामा ओटीवर पाय पसरून बसला होता, मला पाहून म्हणाला, "ये. घागर न्हाणीत आहे." सहा वर्षांनी भेटलेल्या भाच्याला एवढंच. मी चार दिवस पाणी घातलं. दर खेपेला त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होतो, गळ्यात काही दोरा आहे का, कुठे क्रूस आहे का. त्याला ते कळत होतं. एकदा त्यानं मुद्दाम सदऱ्याची गुंडी सोडली आणि घाम पुसत बसला, "बघून घे एकदा," म्हणाला. गळ्यात फक्त घाम होता.

पाचव्या दिवशी माचावर माझं डोकं एका फांदीला लागलं. पानं शिवून केलेला गोळा फुटला आणि तांबडे मुंगळे कानांत, कॉलरीत, पापण्यांवर... मी खाली कसा उतरलो मला आठवत नाही. गुडघ्यांवर बसून दोन्ही हात तोंडावर दाबून ओरडत होतो. लंगडत आलेल्या मामानं माझी मान धरली आणि अख्खी घागर डोक्यावर उपडी केली. वर मला शिव्या घालत होता, आंधळा, मेला, बघून चढता येत नाय! पाणी निथळलं, डोळे उघडले. तो माझ्यापुढे उभा होता. म्हणाला,

"बोल रे भाच्या. आता कुठल्या धर्मात गेलास?"

मी रडलो की हसलो ते मला सांगता येणार नाही, चेहरा इतका सुजला होता. मग मी विचारलं, तो पाद्री तेव्हा काय म्हणत होता? मामा म्हणाला, "मला काय कळतंय त्याची भाषा? पण सूर माझ्यासारखाच होता."

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छापून बिघडवलंस, छापून दुरुस्त कर. पत्रक निघालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याला आणायला जाईन." एक पत्रक! मी वर्षाला चाळीस काढतो. पण मंडळात विषय काढला तर सगळे म्हणाले, आत्ता नको, पाद्र्यांच्या हातात कोलीत मिळेल, चळवळीचं नाव जाईल, शिमग्यानंतर बघू. मी शिमग्यापर्यंत थांबलो. मग पावसाळ्यापर्यंत. एकदा मजकूर लिहिलाही आणि त्यात 'समजुतीच्या घोटाळ्यामुळे' असा शब्द घातला. मामाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "घोटाळा कुणाचा तां लिही की." मी लिहिलं नाही. त्या दिवाळीलाही आई चंद्राला ओवाळत होती. या दिवाळीच्या आत नक्की काढू, असं मी मनाशी धरलं होतं. मामा नवरात्रात गेला.

तेव्हा गावाला आणि मंडळाला, दोघांनाही स्पष्ट सांगतो, की हा लेख म्हणजेच ते तिसरं पत्रक. घोटाळा माझा. मी वीस पावलं चाललो नाही. मामा बाटलेला नव्हता, आणि असं लिहायलाही मला लाज वाटते, कारण समजा असता, तरी खांद्याला चार माणसं मिळू नयेत असा कुठला धर्म?

त्या म्हाताऱ्या पाद्र्याचं पत्र आलं आहे. मृत्यूची बातमी त्याला धोंडूकडून कळली. पाकीट मी उजेडात धरून पाहिलं, आत आणखी काही छापील चोपडं घातलंय का म्हणून. नव्हतं. त्यानं लिहिलंय की म्हातारं झाड तुटलं, पण मामाच्या हातची कलमं चौकात लागली आहेत आणि यंदा त्यांतल्या एकाला फळ धरलं होतं. त्या झाडाला पत्र्याची पाटी लावायची आहे, त्यावर मामाचं नाव घालू का, अशी परवानगी मागितली आहे. मला अजूनही वाटतं, यात काहीतरी असेल. मी उत्तर लिहिलं आहे की नाव घाला, देवनागरीत घाला आणि खाली क्रूसबीस काढू नका. पाटी लागल्यावर बघायला येईन, हेही लिहिलं आहे. या वेळी धोंडूनं दिलं तर पाणी पिईन, हे नाही लिहिलं.

परवा भाऊबीज झाली. आईनं तिन्हीसांजेला पाट मांडला, रांगोळी काढली. मला वाटलं, आता ताट घेऊन अंगणात जाईल. ती फडताळाशी गेली आणि मामाची सुरी घेऊन आली. दिवस-कार्य उरकून परतताना ती मीच आणली होती, पण उघडून पाहिली नव्हती. दिव्याच्या उजेडात पहिल्यांदा दिसलं की ती माझ्या पहिल्या पत्रकात गुंडाळलेली आहे. 'सावध!' एवढं वाचता येत होतं. बाकीची अक्षरं खोबरेलानं पारदर्शक झालेली, आणि आंब्याच्या चिकानं जागोजाग काळी पडून जळलेली. वर्षानुवर्षं तो रोज संध्याकाळी सुरी त्याच कागदात ठेवत आला होता. आईनं ती पाटावर ठेवली. मी पुढे होऊन कागद सोडवायला गेलो. चिकानं तो पात्याला धरला होता, ओढला तर टरकायला लागला.

"राहू दे," आई म्हणाली. "त्यात गंज चढत नाय."

आणि तिनं ताट उचललं.